जुन्या पीसीत दोन वेगवेगळ्या रॅम: काय चालतं, काय अडतं आणि बसवल्यावर काय तपासायचं

बंद पडलेल्या एखाद्या मशीनमधून काढून ठेवलेली रॅम ड्रॉवरमध्ये पडलेली असते आणि समोर चार जीबीवर धापा टाकणारा जुना पीसी असतो. हात शिवशिवतातच. मग एक जण सांगतो, "वेगळ्या कंपनीची रॅम लावू नकोस, मदरबोर्ड जळेल." दुसरा म्हणतो, "बिनधास्त टाक, काही होत नाही." मी दोघांचंही ऐकून पाहिलं आहे. पहिल्याची भीती बहुतेक वेळा फुकट असते, पण मला महागात पडला तो दुसऱ्याचा सल्ला.

झालं असं की एका जुन्या डेस्कटॉपमध्ये मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या डीडीआर३ (रॅमची एक पिढी) रॅम शेजारी-शेजारी बसवल्या. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) पूर्ण आकडा दिसला, मी कॅबिनेटचं झाकण लावून मोकळा झालो. दोनेक आठवड्यांनी लक्षात आलं की एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवलेल्या काही फोटोंचा खालचा अर्धा भाग करडा झालाय आणि काही झिप फाइल्स उघडतच नाहीत. मी हार्डडिस्कला दोष दिला, साटा केबल बदलली, विंडोज नव्याने टाकलं. शेवटी मेमरी तपासली तेव्हा दहा मिनिटांत लाल ओळी यायला लागल्या. गंमत म्हणजे दोन्ही रॅम एकेकट्या तपासल्या तर निर्दोष होत्या, चुका व्हायच्या त्या दोघी एकत्र असताना.

म्हणून या लेखात बसवण्याइतकाच भर तपासण्यावर आहे. मशीन सुरू झालं यावरून एवढंच कळतं की बायोस उघडण्यापुरती मेमरी बरी आहे.

आधी बघा, रॅमच कमी पडतेय का

नेहमीची कामं चालू असताना टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरी बघा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख शंभराला टेकत असेल, तर रॅम वाढवल्यावर फरक कळेल. मेमरी निम्मी रिकामी असूनही मशीन रडत असेल तर दुखणं दुसरं आहे, बहुधा जुनी फिरती हार्डडिस्क. तिच्या जागी एसएसडी टाकणं जास्त उपयोगाचं.

दुसरी गोष्ट ऑपरेटिंग सिस्टीमची. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरता येत नाही, आणि त्या चारमधलीही साधारण ३ ते ३.५ जीबीच हाती लागते. ६४-बिट विंडोज ७ च्या होम बेसिकला ८ जीबीची मर्यादा होती, होम प्रीमियमला १६ जीबीची. आठ जीबी टाकून 'वापरण्याजोगी ३.४' असा आकडा दिसला की लोक रॅमला शिव्या घालतात, पण त्यात तिची काही चूक नसते.

तिसरी मर्यादा मदरबोर्डची. जी३१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड ४ जीबीपर्यंतच जातात, जी४१ चे ८ जीबीपर्यंत, दोन स्लॉटचे एच६१ बोर्ड १६ जीबीपर्यंत. त्याहून जुन्या ९४५ चिपसेटवर तर ६४-बिट सिस्टीम टाकली तरी ४ जीबी पूर्ण दिसत नाही, कारण ४ जीबीच्या वरचा पत्ताच त्या चिपसेटला माहीत नाही. आपल्या बोर्डाचं नाव सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रामच्या मेनबोर्ड टॅबमध्ये मिळतं. त्यावरून मॅन्युअल शोधा आणि मेमरीचं पान वाचा. या कामात वाचण्यासारखं पान तेवढं एकच असतं, पण ते टाळू नका.

लेबल वाचायला शिका

रॅमच्या स्टिकरवर साधारण अशी ओळ असते: ४ जीबी, २आर×८, पीसी३-१२८००यू-११. तिच्यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे.

'पीसी३' म्हणजे डीडीआर३. पीसी२ असेल तर डीडीआर२, पीसी४ असेल तर डीडीआर४. मागे 'एल' लागला असेल, म्हणजे पीसी३एल, तर ती १.३५ व्होल्टवर चालू शकणारी रॅम. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची असते, डीडीआर२ १.८ ची आणि डीडीआर४ १.२ ची.

त्यापुढचा मोठा आकडा म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती मेगाबाइट जाऊ शकतात ते. त्याला आठने भागलं की ओळखीचा वेग मिळतो: १२८०० भागिले ८ म्हणजे १६००. पीसी३-१०६०० म्हणजे १३३३, पीसी२-६४०० म्हणजे ८००, पीसी२-५३०० म्हणजे ६६७, पीसी४-१९२०० म्हणजे २४००. शेवटचे आकडे शंभराच्या पटीत आणलेले असतात, त्यामुळे भागाकार तंतोतंत आला नाही तर डोकं खाजवू नका.

आकड्यामागचं अक्षर फार महत्त्वाचं. 'यू' म्हणजे साधी डेस्कटॉपची, 'एस' म्हणजे लॅपटॉपची छोटी, 'ई' म्हणजे ईसीसी, म्हणजे चूक पकडून सुधारण्याची सोय, असलेली पण बफर (संकेत मधे घेऊन पुढे देणारी चिप) नसलेली, आणि 'आर' म्हणजे तो बफर असलेली सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. त्यामागचा ११ हा सीएल, म्हणजे मागितल्यापासून माहिती मिळेपर्यंतचा उशीर, त्याकडे पुढे येऊ.

'२आर×८' मध्ये २आर म्हणजे दोन रँक (रँक म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपांचा एक संच), आणि ×८ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. हा तुकडा बहुतेक लोक वाचत नाहीत. जुन्या मशीनमध्ये नेमकं तिथेच घोडं अडतं.

इथे जुळलं नाही तर पुढे जाऊच नका

पिढी वेगळी असेल तर विषय संपला. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोघींना २४० पिना, लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. ती मुद्दामच तशी ठेवलेली आहे. रॅम स्लॉटमध्ये बसत नसेल तर जोर लावू नका, काढून उलटी फिरवून बघा, आणि तरी खाच जुळली नाही तर ती तुमच्या बोर्डाची नाही. काही जुन्या बोर्डांवर डीडीआर२ आणि डीडीआर३ असे दोन्ही प्रकारचे स्लॉट दिलेले असतात. तिथे दोन्ही बसतात खऱ्या, पण एका वेळी एकाच प्रकारची वापरायची.

सर्व्हरची 'आर' रॅम साध्या डेस्कटॉपच्या डीडीआर३ स्लॉटमध्ये छान बसते आणि मशीन मात्र सुरू होत नाही. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या मोठ्या रॅम स्वस्तात मिळतात, त्यांच्या मोहात पडणारे इथेच फसतात. लेबल पुसट असेल तर चिपा मोजा. एका बाजूला आठऐवजी नऊ असतील तर ती ईसीसीवाली, आणि शिवाय मधोमध एक वेगळ्याच आकाराची चिप असेल तर बहुधा रजिस्टर्ड. 'ई' प्रकारची काही बोर्डांवर साध्या रॅमसारखी चालून जाते, काहींवर अजिबात नाही.

आता चिपांची घनता, म्हणजे एका चिपेत किती माहिती मावते ते. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या कोअर आय मालिकेपर्यंतची मशीनं आणि डीडीआर३ घेणारे जी४१ बोर्ड हे जास्तीत जास्त २ गिगाबिटची एकेक चिप ओळखतात. हिशेब सोपा आहे. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते १६ चिपांत वाटले तर प्रत्येकी २ गिगाबिट, जुन्या बोर्डाला चालणारे. तेच ८ चिपांत कोंबले तर प्रत्येकी ४ गिगाबिट, आणि जुना बोर्ड एकतर सुरूच होत नाही किंवा निम्मीच रॅम दाखवतो. म्हणून अशा मशीनसाठी ४ जीबीची डीडीआर३ घेताना दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेली बघून घ्या. लेबलवर २आर×८ असेल तर ती हीच. १आर×८ असेल तर हात लावू नका. सँडी ब्रिज, म्हणजे २०११ पासूनच्या इंटेल मशीनना ४ गिगाबिटची चिप चालते, त्यामुळे तिथे ही कटकट नाही.

याच जातीचा आणखी एक सापळा डीडीआर२ मध्ये आहे. ४ जीबीची एकच डीडीआर२ रॅम 'फक्त एएमडीसाठी' असं म्हणून बाकीच्यांपेक्षा बऱ्याच कमी भावात दिसते. तिच्यातल्या चिपांची रचना इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला, म्हणजे रॅमशी बोलणाऱ्या भागाला, झेपत नाही. इंटेलच्या मशीनमध्ये ती टाकून बघण्यात वेळ घालवू नका.

व्होल्टचं म्हणाल तर दिशा लक्षात ठेवा. डीडीआर३एल ही १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून जुन्या १.५ च्या बोर्डात साधी आणि एल अशी जोडी लावता येते, दोघी १.५ वर चालतात. उलटं मात्र नाही. जी मशीनं फक्त १.३५ देतात, विशेषतः इंटेलच्या हॅसवेल पिढीचे आणि त्यापुढचे डीडीआर३एल घेणारे लॅपटॉप, त्यांत साधी डीडीआर३ टाकायची नाही. गेमिंगसाठी विकल्या गेलेल्या काही डीडीआर३ रॅमवर १.६५ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो तिच्या पूर्ण वेगाचा, म्हणजे एक्सएमपी प्रोफाइलचा आकडा आहे. बायोसमध्ये एक्सएमपी बंद ठेवलं की त्यातल्या बऱ्याचशा १३३३ वर, १.५ व्होल्टमध्ये गुमान चालतात. मिश्र जोडी लावायची असेल तर एक्सएमपी बंदच ठेवा.

आणि इथे नाही जुळलं तरी चालेल

कंपनी. तसंही वेगवेगळ्या नावांखाली विकल्या जाणाऱ्या रॅमवरच्या चिपा बनवणारे कारखाने मोजकेच आहेत. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन रॅमवरही वेगळ्या कारखान्याच्या चिपा निघू शकतात. नाव सारखं असलं म्हणजे जोडी जुळलीच असं समजू नका.

वेग. प्रत्येक रॅमवर एसपीडी नावाची चिमुकली चिप असते, तिच्यात त्या रॅमला कोणते वेग आणि कोणते टायमिंग (सीएलसारखे उशिराचे आकडे) झेपतात ते लिहिलेलं असतं. सुरू होताना बायोस सगळ्यांचं एसपीडी वाचतो आणि सगळ्यांना जमेल असा वेग ठरवतो. दोन बैलांत एक सावकाश असला की गाडी त्याच्याच चालीने जाते, तसंच. १३३३ आणि १६०० एकत्र लावल्या तर दोघी १३३३ वर. यात फार काही हरवत नाही. सँडी ब्रिजचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर काहीच हरवत नाही, कारण त्याचा कंट्रोलर अधिकृतपणे १३३३ च्या वर जातच नाही. ज्या वेगाची चिंता करत बसलात तो मुळात मिळणारच नव्हता.

सीएल. लोक म्हणतात, एक सीएल ९ आणि दुसरी सीएल ११, कसं जमेल? हा आकडा घड्याळाच्या ठोक्यांचा आहे, वेळेचा नाही. ठोके गुणिले २००० भागिले वेग, असं केलं की नॅनोसेकंद मिळतात. १३३३ वर सीएल ९ म्हणजे १३.५ नॅनोसेकंद. १६०० वर सीएल ११ म्हणजे १३.७५. दोघी जवळपास सारख्याच चपळ. लेबलवरचे आकडे वेगळे दिसतात ते वेग वेगळा आहे म्हणून.

आकार. ४ जीबी आणि २ जीबी एकत्र चालतात. दोन चॅनेलमध्ये, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वाटांवर, सारख्या आकाराच्या रॅम असल्या की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो, त्याला ड्युअल चॅनेल म्हणतात. आकार वेगळा असला तर ते पूर्ण बंद पडतं असा समज आहे, पण इंटेलच्या बऱ्याच चिपसेटांत फ्लेक्स मोड असतो. ४ आणि २ लावल्या तर दोन्हीकडचे २-२ मिळून ४ जीबी ड्युअल चॅनेलने चालतात आणि उरलेले २ जीबी एकेरी. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल, प्रोसेसरमधलं किंवा बोर्डावरचं असेल, तर ते हीच रॅम उसनी घेतं आणि ड्युअल चॅनेलचा फायदा त्याला चांगलाच जाणवतो. पण माझं मत विचाराल तर जुन्या मशीनवर ६ जीबी विषम रॅम ही ४ जीबी जुळ्या रॅमपेक्षा केव्हाही बरी. रॅम संपली की मशीन डिस्कवर जातं, आणि त्या फेऱ्यापुढे बाकी सगळे फरक किरकोळ आहेत.

कोणती कुठे

दोन स्लॉट असतील तर प्रश्न फारसा नाही. चार असतील तर मॅन्युअल बघा. साधारणपणे एका रंगाचे दोन स्लॉट म्हणजे दोन वेगळ्या चॅनेलमधली जोडी, आणि दोनच रॅम असतील तर त्या एका रंगात लावायच्या. कोणत्या रंगात, हे बोर्डागणिक बदलतं. नव्या बोर्डांवर बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, जुन्यांवर अनेकदा पहिली जोडी.

तुमच्याकडे ४, ४, २, २ अशा चार असतील तर दोन्ही चॅनेलची बेरीज सारखी येईल अशा लावा, प्रत्येक चॅनेलमध्ये एक ४ आणि एक २. सारख्या आकाराच्या दोघी एका रंगात टाकल्या की हे आपोआप जमतं.

चारही स्लॉट भरले की कंट्रोलरवर भार वाढतो, आणि विषम रॅममध्ये तो जास्तच जाणवतो. म्हणून जुन्या बोर्डावर चार रॅम लावल्यावर वेग एक पायरी खाली आला तर बिघाड समजू नका. दोन मोठ्या रॅमनी काम भागत असेल तर मी चार लहान लावत नाही.

बसवताना

मशीन 'शटडाउन' करताना एक खबरदारी घ्या. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते, तिच्यामुळे साध्या शटडाउनमध्ये मेमरीतला काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो. रॅम बदलल्यावर तो जुना साठा परत उचलताना गोंधळ होऊ शकतो. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं की पूर्ण बंद होतं. हायबरनेट केलेल्या मशीनची रॅम तर कधीच बदलू नका. आणि महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत आधीच बाहेर काढून ठेवा, माझ्या त्या करड्या फोटोंची आठवण ठेवून.

वायर भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. बोर्डावर हिरवा दिवा असेल तर तो विझला की पुढे जा. कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या लोखंडी भागाला हात लावा, त्याने अंगातली स्थिर वीज निघून जाते. गालिच्यावर बसून हे काम करू नका.

जुनी रॅम काढायच्या आधी फोनवर एक फोटो काढा, कोणती कुठे होती ते नंतर आठवत नाही. स्लॉटच्या टोकांच्या कळा बाहेर ढकलल्या की रॅम वर येते. सोनेरी दात काळपट असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसा आणि वाळू द्या. खोडरबराने घासायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, तिने काम होतंही, पण सोन्याचा थर फार पातळ असतो. घासायचंच असेल तर मऊ पांढरा खोडरबर, हलक्या हाताने, एकदाच, आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू न देता.

नवी रॅम बसवताना खाच जुळवून सरळ उभी धरा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. दोन्हीकडून 'टक' असा आवाज यायला हवा. काही बोर्डांवर एकाच बाजूला कळ असते. तिथे दुसरं टोक अर्धवट राहण्याचा धोका जास्त, म्हणून बसवल्यावर बाजूने वाकून बघा, रॅम दोन्ही टोकांना सारखी खोल गेलेली दिसली पाहिजे.

सुरू झालं नाही तर

पहिल्यांदा चालू करताना मशीन एक-दोनदा आपणहून बंद-चालू होऊ शकतं, किंवा काही सेकंद काळी स्क्रीन राहते. बायोस नवे टायमिंग ठरवत असतो. मिनिटभर थांबा. मिनिटानंतरही काहीच नसेल, किंवा लांब बीप पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल, तर बंद करून या क्रमाने जा.

आधी दोन्ही रॅम काढून पुन्हा बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आपल्याला वाटतं तेवढी ती खोल गेलेली नसते. मग नवी काढून फक्त जुनी लावा, मशीन पूर्वीसारखं चालतंय याची खात्री करा. मग जुनी काढून त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी लावा. एकटी नवी चालली तर ती या बोर्डाला मान्य आहे, अडचण एकत्र असण्यात आहे. एकटीही चालली नाही तर वर सांगितलेली घनता आणि प्रकार पुन्हा तपासा.

दोघी एकेकट्या चालतात पण एकत्र नाही, असं असेल तर बायोस क्लिअर करा. त्यासाठी बोर्डावर जंपर असतो, किंवा वायर काढून गोल सेल काही मिनिटं बाहेर ठेवायचा. जुन्या बायोसमध्ये कुणीतरी वेग हाताने पक्का करून ठेवलेला असतो आणि नव्या रॅमला तो झेपत नाही, हे मी एकदा पाहिलेलं आहे. तरीही जमलं नाही तर दोघींच्या जागांची अदलाबदल करा, हळू असलेली पहिल्या स्लॉटमध्ये. काही जुने बोर्ड पहिल्या स्लॉटमधल्या रॅमवरून वेग ठरवतात.

सुरू झाल्यावर काय बघायचं

सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये एकूण आकार, चॅनेल आणि वेग दिसतो, एसपीडी टॅबमध्ये स्लॉट निवडून प्रत्येक रॅमची वेगळी माहिती. तिथे वेग ६६५ किंवा ८०० दिसला म्हणून घाबरू नका. तो घड्याळाचा खरा वेग आहे. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती देते, म्हणून त्याची दुप्पट केली की लेबलवरचा आकडा मिळतो. लिनक्सवर हीच माहिती 'डीएमआयडीकोड' ही कमांड देते.

मेमटेस्ट: हा भाग गाळू नका

मेमटेस्ट८६+ हा फुकट, मुक्त स्रोत प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू करायचं. तो विंडोजच्या बाहेर चालतो, म्हणून जवळजवळ सगळी मेमरी त्याला तपासता येते. विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' आहे, स्टार्टमध्ये नाव टाकलं की सापडतं. घाईच्या पहिल्या चाचणीला ते ठीक, पण मिश्र जोडीला माझा त्याच्यावर भरवसा नाही.

कॅबिनेटचं झाकण लावून तपासा. उघड्या कॅबिनेटमध्ये थंड राहणारी रॅम बंद कॅबिनेटमध्ये तापल्यावर चुका करू लागते. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या, शक्य असेल तर रात्रभर चालू ठेवा. निकाल वाचण्यात काही अवघड नाही, चुकांची संख्या शून्य हवी. "एवढ्या जीबीत एकच चूक, चालतंय" असं म्हणून सोडू नका. ती एक चूक उद्या कोणत्या फाइलच्या पोटात जाईल ते सांगता येत नाही.

चुका आल्या तर

आधी दोषी शोधा. एकेक रॅम त्याच स्लॉटमध्ये तपासा, मग निर्दोष ठरलेली रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये. एखादी रॅम दोन्ही स्लॉटमध्ये चुकत असेल तर ती गेलेली आहे. चांगली रॅम एकाच स्लॉटमध्ये चुकत असेल तर स्लॉट खराब आहे किंवा त्यात धूळ आहे.

एकेकट्या शुद्ध आणि एकत्र चुका, अशी माझ्यासारखी अवस्था असेल तर बायोसमध्ये मेमरीचा वेग एक पायरी खाली आणा: १६०० चा १३३३, १३३३ चा १०६६. माझं मशीन १०६६ वर आणल्यावर रात्रभरात एकही चूक आली नाही आणि रोजच्या वापरात मला फरक कळलाही नाही. तेवढ्याने भागलं नाही तर 'कमांड रेट' १टी असेल तो २टी करा, मग सीएल एकाने वाढवून बघा. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा चाचणी, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. १.५ व्होल्टच्या डीडीआर३ ला १.५५ देऊन कधी कधी जमतं. त्याच्या पुढे मी जात नाही, आणि १.३५ च्या मशीनवर हा प्रयोग करतच नाही.

कंपनीने तयार करून दिलेल्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये बहुधा यातलं काहीच हाताने बदलता येत नाही. तिथे जागांची अदलाबदल एवढाच उपाय उरतो. त्यानेही चुका थांबल्या नाहीत तर ती जोडी सोडून द्या, दोघींतली मोठी ठेवा.

लॅपटॉप असेल तर

तत्त्व तेच, अडचणी थोड्या वेगळ्या. डीडीआर२ च्या लॅपटॉप रॅमला २०० पिना, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०. चार्जर काढा आणि बॅटरीही, ती आत बसवलेली असेल तर तिची वायर बोर्डापासून सोडवा. रॅम तिरकी घालून, सोनेरी दात जवळपास दिसेनासे झाल्यावर खाली दाबायची, बाजूच्या कळा आपोआप अडकतात. काही लॅपटॉपमध्ये एक रॅम बोर्डावरच डाखलेली असते आणि स्लॉट एकच. अशा वेळी जोडी जुळवायची म्हणजे त्या डाखलेल्या रॅमशी, आणि तिचं लेबल बघायला मिळत नसल्यामुळे सीपीयू-झेडचा एसपीडी टॅब हाच आधार. काहींमध्ये तिथेही ती दिसत नाही, मग टास्क मॅनेजरमधला वेग बघून त्याच पिढीची आणि त्याच व्होल्टची घ्या.

चाचणी शून्य चुकांनी पार पडली की एका कागदाच्या तुकड्यावर कोणत्या स्लॉटमध्ये कोणती रॅम, ठरवलेला वेग, बदललेलं टायमिंग आणि तारीख लिहा आणि तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. बायोसचा सेल संपला की हाताने केलेले बदल पुसले जातात, मशीन निमूटपणे पुन्हा जुन्या वेगावर सुरू होतं, आणि तेव्हा १०६६ हा आकडा कुणालाच आठवत नाही.